पाच नंबरची तंबाखू

सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७. पुलगाव.

आजपासून नवी वही. कारणही तसंच मोठं आहे.

दुपारी प्रेमदास आला. आम्ही शाळेत एका वर्गात होतो, आता तो इथल्या लष्करी डेपोत कारकून आहे. गेल्या वर्षी दसऱ्याला नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली आणि येताना विडी तिकडेच सोडून आला. माझं एक गिऱ्हाईक कमी झालं, मित्र मात्र होता तसा आहे. त्याने बातमी आणली ती अशी, की डेपोतले मेजर चिनप्पा, हे कूर्गकडचे गृहस्थ, पाइप ओढतात. आणि सरकारने आयात आवळल्यापासून त्यांचा विलायती डबा मिळेनासा झाला आहे. दोन महिन्यांत साहेबांचा स्वभाव इतका बिघडला, की फाइल घेऊन आत कोणी जायचं याच्या कारकून लोक चिठ्ठ्या टाकतात. साहेबांनी विचारलं आहे, पाइपची तंबाखू इथे कोणी करून देईल का? जमली तर २१ डिसेंबरला मेसमध्ये मोठी मेजवानी आहे, कामठीहून अफसर यायचे आहेत, त्यासाठी पाच शेर. आणि पुढे दर महिन्याला मेसची मागणी कायम.

मी हो म्हणून टाकलं. नाही म्हणण्यासारखी माझी परिस्थिती आहे कुठे? स्टेशन रस्त्यावरच्या या 'सदाशिवराव तंबाखूवाले' दुकानाशी एके काळी आर्वी-आष्टीकडच्या बैलगाड्या थांबत. आता छापील पुडीतला जर्दा सगळीकडे झाला, आणि माझ्या दुकानात माझ्यापेक्षा माश्यांना जास्त काम असतं. त्यात परवा हिंगणघाटहून बाबारावांचं पत्र आलं. बाबाराव म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. तिथल्या एका जिनिंगमध्ये त्यांचा शब्द चालतो. लिहितात, १ जानेवारीपासून वजनकाट्यावर माणूस हवा आहे, तुम्ही या, नाताळच्या आत कळवा. साळ्याच्या हाताखाली मी कापसाची गाठोडी मोजणार!

तर हिशेब सरळ आहे. साहेबांची पसंती आली तर दुकान राहील, नाही आली तर हिंगणघाट. पत्र ऐकून कुटुंब पुन्हा भांडी घासायला बसलं. पण हिंगणघाट तिचं माहेर. तिला मनातून तिकडेच जायचं असणार, हे काय सांगावं लागतं?

मला भीती नाही. बाबांना सारा तालुका 'नाकवाले सदाशिवराव' म्हणायचा. व्यापारी पान आणून द्यायचा, बाबा ते घेऊन आत जायचे, थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगायचे की हे पान कुठलं, कोणत्या हंगामातलं, पावसात भिजलं की नाही. कधी चुकले नाहीत. अशा कामाला एकांत लागतो. तेच नाक माझ्याकडे आलं आहे. सध्या पडसं आहे, पण ते थंडीचं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

नंबर एक तयार. पिवळं गुंटुरी पान दोन भाग, निपाणी एक भाग, घरच्या विळीवर बारीक चिरून, वर गुळाचं पाणी आणि थोडं गुलाबपाणी.

पारख केली ती अशी. तळहातावर चिमूट, नखभर चुना, अंगठ्याने चांगली साठ वेळा मळली, थाप मारून धूळ उडवली आणि ओठाखाली धरली. शेरा: गोडी बरी, चढायला चटकन, घशाला त्रास नाही. उत्तम.

कुटुंबाने विळी परत मागितली आणि राखेने तीनदा घासली. एवढं काय विळीवर चिडायचं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

साहेबांनी तीन झुरके घेतले, पाइप खाली ठेवला आणि प्रेमदासला विचारलं, की हे ढेकणांसाठी आहे का.

मग त्यांनी विचारलं, दुकानदाराने पारख कशी केली? प्रेमदासने हातावर हात मळून दाखवलं. साहेब इतके हसले म्हणे, की बाहेरचा शिपाई आत आला. पाइपची तंबाखू चुना लावून दाढेखाली धरणारा माणूस त्यांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. आता मला कोणी सांगितलं होतं? आमच्याकडे तंबाखू अशीच पारखतात. बाबाही अशीच पारखत.

मात्र साहेब मनाचे मोठे. त्यांनी आपला एक जुना पाइप पाठवला आहे आणि विलायती डब्याच्या तळाशी राहिलेली चमचाभर तंबाखू, नमुन्यासाठी. निरोप असा, की आधी ओढायला शिका.

रविवार, १० नोव्हेंबर

शिकलो. म्हणजे मागच्या अंगणात तुरीच्या पेंढ्यांआड बसून शिकत होतो. पहिल्यांदा धूर पोटात गेला. दुसऱ्यांदा नाकात गेला. तिसऱ्यांदा पाइपातला निखारा धोतरावर. मायने ओट्यावरून सगळं पाहिलं. माय म्हणजे आमची आई, शकुबाई, वय सत्तरीला आलेलं, तोंडात दात चार, पण त्या चारांना सकाळ-संध्याकाळ मिसरी लागते.

"साहेबाची चिलीम हाय का ते?" तिने विचारलं.

मी पाइप म्हणालो. ती म्हणाली, की चिलमीले मान वाकडी करून दिली का तिचं नाव पाइप होते, असं दिसते. कुटुंब पाणी घेऊन आलं, डोळे पुसायला फडकंही आणलं. हसत नव्हती. पण ओठ फार घट्ट मिटले होते.

बुधवार, १३ नोव्हेंबर

नंबर दोन आणि तीन केले. दोनमध्ये निपाणी कमी, तीनमध्ये बडीशेपेचं पाणी. दोन्ही ओढून पाहिले. दोन जिभेला चावते. तीन जिभेला चावते आणि शिवाय लग्नाच्या पंगतीची आठवण होते.

विलायती नमुना मी दोन दिवस नाकाशी धरून बसलो आहे. फार हलका वास असावा. मला थोडा थंडगार असा काही भास होतो. कुटुंब टेबल पुसत होतं, तिने ती चिमूट सहज उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "भाजक्या भुईमुगावानी येते. मागून मनुका."

मी तेच म्हणणार होतो. वहीत लिहून ठेवतो: भुईमूग, मग मनुका.

दुपारी तिने मायसाठी मिसरी भाजायला घेतली. ही तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, तेव्हा सगळ्या आळीला ठसका लागतो. मी सांगितलं, की माझं नाक सध्या नाजूक कामात आहे, हे धंदे मागच्या अंगणात न्या. तिने तवा उचलला आणि नेला. समजूतदार बाई आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

नंबर चार साहेबांनी पूर्ण पाइपभर ओढली! ही प्रगती. शेरा मात्र 'कच्ची'. प्रेमदास म्हणतो, साहेब बराच वेळ विचार करून म्हणाले, पान चांगलं, हात चांगला, पण काहीतरी शिजायचं राहिलं आहे.

तंबाखू शिजायची काय वरणासारखी? गूळ वाढवून पाहतो.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

नंबर पाच. गूळ दुप्पट, पाणी भरपूर, डब्यात दाबून भरली आणि वर पाटा ठेवला. ही दाबण्याची युक्ती माझी स्वतःची. तीन दिवस उघडायची नाही. डबा चुलीमागे उबेला ठेवला आहे आणि कुटुंबाला ताकीद दिली आहे, की हात लावायचा नाही.

मन जरा खाली आहे. आज दुकानात दिवसभरात चार माणसं आली, त्यातल्या दोघांना रस्ता विचारायचा होता. बाबा गेले तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं, की दुकानाची काळजी करू नका. असं बोलायला काय जातं, पण ते ऐकून गेले. वजनकाट्यावर उभं राहायची मला लाज नाही. दुकानावरच्या फळीवरून त्यांचं नाव उतरवायचं, ते हात माझे असणार, याची आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

डबा उघडला. काय सांगू! रंग पार बदललेला, खारकेसारखा. भिजवून ठेवलेली असून चिकट नाही, बोटांत घेतली की सुटी होते. हे सगळं त्या पाट्याचं काम. दाबाने आतल्या आत काहीतरी होत असलं पाहिजे. ओढून पाहिली, जिभेला अजिबात चावत नाही.

फक्त तळाशी संत्र्याच्या सालीचे दोन तुकडे सापडले. या घरात कुठलीही गोष्ट कुठेही पडते. मी ते फेकून दिले आणि कुटुंबाला ऐकवलं. ती दारात उभी राहून माझं पारखणं पाहत होती. तिने विचारलं, "कशी झाली?" मी म्हटलं, कशी म्हणजे? पाहा की रंग. ती "हाव" म्हणाली आणि आत गेली. तिथे तवा घासायला बसली.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आजचा दिवस दुकानाच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखा.

साहेब स्वतः आले. जीप दुकानासमोर उभी राहिली तेव्हा मला वाटलं, काहीतरी झडती आहे. उंच माणूस, पिकल्या मिशा, तोंडात पाइप, आणि पाइपात आपली नंबर पाच. बाहेर हां हां म्हणता तीसेक माणसं जमली. साहेब हिंदीत म्हणाले, की गेल्या दहा वर्षांत त्यांनी अशी तंबाखू ओढलेली नाही, विलायती डब्यातली देखील. आता हीच पाच शेर, १९ तारखेपर्यंत पोचवा. आणि मग त्यांनी विचारलं, "किसने सिखाया?"

मी फळीवरच्या नावाकडे बोट दाखवलं. म्हटलं, "साहब, खानदानी नाक है. पहले पिताजी, अब मैं." लोकांनी माना डोलावल्या. बाबा असते तर, असं मनात आलं आणि डोळे भरून आले, हे खरं आहे.

आतून मायला अशी काही खोकल्याची उबळ आली, की थांबेना. कुटुंबाने चहा पाठवला. त्यात साखर नव्हती. साहेब सभ्य, पिऊन गेले. इतक्या मोठ्या दिवशी साखर विसरावी म्हणजे कमाल आहे.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

कुटुंब कमी बोलतं आहे. हिंगणघाट हुकलं म्हणून असेल. माहेरची ओढ कोणत्या बाईला नसते? मी मनावर घेत नाही.

एक मात्र बरं झालं, मिसरी भाजणं बंद आहे. माय दोनदा मागायला आली, तर कुटुंब म्हणालं, हात दुखते. मायने मिठाने दात घासले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीठ मीच शोधून काढलं.

सोमवार, २ डिसेंबर

नंबर पाच पुन्हा केली. तेच पान, तोच गूळ, तोच पाटा. आज उघडली. पिवळी, चिकट, आणि एका कोपऱ्यात पांढरी बुरशी.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पुन्हा केली. बुरशी नाही, पण ओढली तर गूळ जाळल्यासारखी. प्रेमदासने थोडी साहेबांकडे नेली. निरोप आला, ही ती नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

पुन्हा. या वेळी सगळं त्या दिवसासारखं केलं. गुरुवारीच भरली. तेच धोतर नेसलो, तोंड पूर्वेकडे केलं. त्या दिवशी भरताना कापड गिरणीचा भोंगा झाला होता असं आठवलं, म्हणून भोंग्यासाठी अर्धा तास थांबलो. तीन दिवस होऊनही उघडायची हिंमत झाली नाही, ती आज पाचव्या दिवशी केली. कच्ची.

नऊ दिवस उरले. बाबारावांचं दुसरं पत्र आलं आहे, मी उत्तर दिलेलं नाही. कुटुंबाला विचारलं, काय कळवू? ती म्हणाली, "तुमाले काय कळवाचं ते कळवा." आणि तिचे डोळे भरले होते. मला मेलं काही समजत नाही. मी हरतो आहे, म्हणजे ती माहेरी जाणार आहे. मग रडायचं कशाला?

गुरुवार, १२ डिसेंबर

हे लिहिताना कान अजून गरम आहेत, पण लिहितो.

संध्याकाळी प्रेमदास आला होता. मी त्याला सगळे डबे दाखवले आणि म्हटलं, तूच सांग, पाच नंबरमध्ये आणि यांत काय फरक आहे. त्याने एकेक डबा हुंगला. मग अगदी सहज म्हणाला, "अरे रूपराव, पाच नंबरचा वास तं तुमच्या घरी मिसरी चढली का सुरवातीले येते, तसा होता. याईले तो वासच नाई. तुले नाई का आला?"

मी हसलो. त्याने मात्र माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, की तुला पडसं कधीपासून आहे? मी म्हटलं, थंडी सुरू झाल्यापासून. तो म्हणाला, कोणत्या सालची थंडी?

तो गेल्यावर मी आत मायपाशी जाऊन बसलो. म्हटलं, माय, मला खरं सांग. बाबांना मिसरीचा वास यायचा का?

मायने मिसरीची रिकामी डबी उघडून पाहिली, मिटली. मग म्हणाली, "तुह्या बापाले कशाचाच वास येत नव्हता, बाप्पा. बारमाही पडसं. लग्नाच्या साली होतं, मरेस्तोवर होतं. पान घेऊन आत ये अन् माह्या हातात दे. मी सांगो, तो बाहेर जाऊन सांगे."

मग विचारलं, की लोकांनी सारं नाव त्यांना दिलं, तुला कधी राग नाही आला?

"राग कायचा?" ती म्हणाली. "बाहेर नाव त्याचं होतं. पन आत येऊन मले इचारे. चाळीस वर्सं रोज इचारलं त्यानं. तू तं इचारतबी नाई, रूपराव."

मी उठून बाहेर आलो. मग ही वही पहिल्यापासून वाचली. भुईमूग आणि मनुका. तवा. संत्र्याची साल. सगळं मी माझ्याच हाताने लिहून ठेवलं आहे, तारखेसकट. एवढा मूर्ख माणूस पुलगावात दुसरा नसेल, आणि असला तर तो निदान वही लिहीत नसेल.

शुक्रवार, १३ डिसेंबर

पहाटे उठून मीच तवा चढवला. म्हटलं, कळलं आहे ना आता, मग भाजू. तंबाखूने पेट घेतला. शेजारचे नत्थू पाटील घोंगडी पांघरून शिंकत शिंकत आले, त्यांना वाटलं दुकान जळतं आहे. कुटुंब दारात उभं होतं. तिने पदर नाकाला लावला होता, पण पुढे आली नाही. मी पण तिला बोलावलं नाही. का नाही, ते विचारत बसलो तर आजचा दिवस पुरणार नाही. लाज वाटली, एवढंच.

दहा वाजता डेपोच्या फाटकाशी गेलो. प्रेमदासने आत नेलं. साहेबांच्या टेबलापुढे उभं राहून सांगितलं, की पाच नंबर माझी नाही. माझी डब्यात सडली असणार. ती माझ्या बायकोने केली आहे, मला त्यातलं काही येत नाही, आणि माझ्या नाकाला वास येत नाही. आपण दुकानात विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. बाबांचं मी काही बोललो नाही. ते मायचं आहे, मला सांगायचा अधिकार नाही.

मला वाटलं, साहेब आता बाहेर काढतील. त्यांनी पाइप झटकला आणि विचारलं, तुमची बायको पाइप ओढते? मी म्हटलं, नाही, मिसरी भाजते. मिसरी म्हणजे काय, ते प्रेमदासने समजावून दिलं. साहेबांनी पाइप पुन्हा भरायला घेतला. मग म्हणाले, की कूर्गला त्यांच्या घरी कॉफीच्या बिया फक्त त्यांची आजी भाजायची, कढईला कोणी हात लावला तर ती त्या दिवशी जेवायची नाही. एवढं बोलून ते मला म्हणाले, "तो यहाँ क्यों आये हो? जाकर उनसे पूछो."

एवढंच करायचं होतं. दोन मैल चालत गेलो आणि चालत परत आलो, तेवढ्यासाठी.

शनिवार, १४ डिसेंबर

सकाळी स्वयंपाकघरात गेलो. जेवायला सोडून मी तिथे कधी जात नाही, त्यामुळे कुठे बसावं तेही कळेना. सुलोचना, हे कुटुंबाचं नाव, भाकर थापत होती. मी चुलीपाशी उकिडवा बसलो, गुंटुरी पानाची चिमूट पुढे केली आणि म्हटलं, "मले वास येत नाई. हे कसं हाय, तू सांग."

तिने भाकर उलटली. फुगू दिली. मग म्हणाली, "आधी हात धुऊन या. चुना हाय तुमच्या हाताले."

धुऊन आलो. तिने चिमूट घेतली, हुंगली, आणि सांगितलं की पान जुनं आहे, मंद आचेवर चालेल. मग खाली पाहत बाकीचंही सांगितलं. माझी नंबर पाच दुसऱ्याच दिवशी बुरसली होती. तिने ती फेकली, घरातलं पान भाजलं, काळं व्हायच्या आत उतरवलं, कडक झालं म्हणून साल घालून नरम केलं, आणि डबा होता तसा ठेवून दिला.

मी विचारलं, हिंगणघाटला जायचं नव्हतं का तुला?

ती म्हणाली, "तिथं मी कोनाची तरी बहीन. बसून खाईन. इथं माह्या नाकाले काम हाय." आणि मग विचारलं, "काल डेपोत काय सांगतलं?"

"का हे तुह्यं हाय म्हून."

तिचे हात पिठात तसेच राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. धूर झाला, म्हणाली. चूल तर चांगली धडधडत होती. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं, आणि इतकं बरं वाटलं, की मी तीन भाकरी खाल्ल्या, नुसत्या मिठाशी.

बुधवार, १८ डिसेंबर

चार दिवस वही उघडायला वेळ नाही. मागच्या अंगणात दोन चुली, दोन तवे. लाकडं मी फोडतो, पानं मी चिरतो, संत्री मी सोलतो आणि माय खाते. भाजणं सुलोचनाचं. ती तव्याकडे पाहत नाही, हे मला आता कळलं. तोंड दुसरीकडे करून बसते आणि एकाएकी म्हणते, "उतरवा." मी उतरवतो. एकदा दोन पळं उशीर केला तर तो सगळा तवा मायच्या मिसरीच्या डब्यात गेला. माय म्हणाली, असाच उशीर करत जाजो.

सगळी आळी शिंकते आहे. नत्थू पाटलांनी आता येणं सोडून दिलं.

गुरुवार, १९ डिसेंबर

पाच शेर पोचवली. मायला सांगितलं, की साहेबांना मी माझं सगळं सांगून टाकलं होतं, बाबांचं काही नाही. ती म्हणाली, "बापाचं झाकलं अन् आपलं उघडलं. बरं केलं." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी छत्तीस वर्षांचा आहे.

रविवार, २२ डिसेंबर

प्रेमदास सकाळीच आला, बसायच्या आधीच सांगत सुटला. मेजवानीत पाच शेरांतली चिमूटही उरली नाही. कामठीचे अफसर रिकामा डबा हुंगत होते. जानेवारीपासून दर महिन्याला मेसची मागणी, आणि कामठीची वेगळी. साहेबांनी सुलोचनाला कूर्गच्या कॉफीच्या कच्च्या बियांची एक पिशवी पाठवली आहे. भाजून पाहा, असा निरोप.

मी बाबारावांना पत्र लिहिलं. आभार मानले, आणि कळवलं की येता येणार नाही, कारण तुमच्या बहिणीला इथे फार काम आहे.

मंगळवार, २४ डिसेंबर

कामठीच्या साहेबांना जरा सौम्य हवी आहे. सुलोचना म्हणाली, या वेळी तुमीच भाजा. मी म्हटलं, मला वास येत नाही. ती म्हणाली, रंग तर दिसतो, आणि पान वाजतं ते ऐकू येतं, शिका.

दुपारभर भाजली. एकदा पान कुरकुरलं तसं उतरवलं. थंड झाल्यावर चिमूट नेऊन तिच्या हातावर ठेवली, हात धुऊन. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं, चिमूट बोटांत चुरली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. रस्त्याने दोन सायकली गेल्या, एक बकरी गेली. मी उभाच. मेजरसाहेबांच्या टेबलापुढे खोटं कबूल करणं यापेक्षा सोपं होतं.

तिने पुन्हा एकदा हुंगली. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "घाई केली तुमी."

सूप परत मांडीवर घेतलं. मी अजून तिथेच आहे असं पाहून म्हणाली, "उद्या पुन्यांदा करून आना. मी सांगतो."

उद्यासाठी पान चिरून ठेवलं आहे.